तांब्याचे पाणी, खायचा सोडा आणि तपकिरी झालेली बाटली: घरगुती व्हिटॅमिन सी सीरमचे एक प्रकरण

रत्नागिरी तालुक्यातील एका गावात राहणारी माझी भाची आंब्याच्या हंगामात कोकम सरबत, आमसुले आणि लोणची करून विकते. स्वच्छता आणि टिकवण यांची तिला रोजची सवय आहे. म्हणूनच गेल्या वर्षी मार्च महिन्यात तिने स्वतःसाठी केलेले व्हिटॅमिन सी सीरम का बिघडले, याचा नीट शोध घ्यावा असे मला वाटले. निष्काळजीपणाने बिघडलेल्या गोष्टीचे कारण शोधावे लागत नाही. येथे मात्र प्रत्येक कृतीमागे स्वयंपाकघरात वर्षानुवर्षे खरा ठरलेला एक नियम होता, आणि तोच नियम या बाटलीत उलटा पडला होता. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत असे. सौंदर्यप्रसाधने हा माझा विषय नव्हे, पण द्रावणे हा माझा विषय आहे, आणि व्हिटॅमिन सीचे सीरम हे एक पाण्यातले द्रावणच असते.

पहिली बाटली

तिला पन्नास मिलिलिटर पाण्यात १५ टक्के व्हिटॅमिन सी, म्हणजे साडेसात ग्रॅम एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड, घालायचे होते. एका चमच्यात पाच ग्रॅम भुकटी मावते असे धरून तिने दीड चमचा भुकटी घेतली. पाणी घरातल्या तांब्याच्या हंड्यातले होते. ते तिने वीस मिनिटे उकळून, झाकून, गार केले होते. त्यात एक चमचा ग्लिसरीन घातले, व्हिटॅमिन ईची ४०० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल टोचून त्यातले तेल पिळले, आणि शेवटी कोकम सरबतासाठी आणून ठेवलेले सोडियम बेंझोएट चिमूटभर टाकले. बाटली निळ्या काचेची, ड्रॉपरची आणि उकळून घेतलेली होती. ती न्हाणीघरातल्या फळीवर राहिली.

पहिल्याच रात्री गालांवर चरचर झाली आणि त्वचा लाल झाली. चरचर म्हणजे औषध काम करत असल्याची खूण, असे तिने कुठेतरी वाचले होते, त्यामुळे तिने तीन रात्री ते सोसले. चौथ्या दिवशी तिने बाटलीत अर्धा चमचा खायचा सोडा टाकला. द्रावण फसफसून वर आले, शांत झाले, आणि त्यानंतर चरचर पूर्ण थांबली. दोष दूर झाला असे तिला वाटणे स्वाभाविक होते. साधारण आठवडाभरात द्रावण पिवळसर झाले आणि सतराव्या दिवशी कोऱ्या चहासारखे तपकिरी दिसू लागले. उशीच्या अभ्र्यावर डाग पडले, बोटांची टोके आणि नखांच्या कडा नारिंगी झाल्या, आणि उजव्या गालाच्या हाडावर रुपयाएवढा काळसर डाग उमटला.

गुढीपाडव्याला ती माझ्याकडे आली, तेव्हा बाटली कापडात गुंडाळून सोबत घेऊन आली होती. तिचा प्रश्न एकच होता: "मावशी, बेंझोएट घातलेले कोकम वर्षभर टिकते, मग हे पंधरा-वीस दिवसांत काळे कसे पडले?"

आधी त्वचा

बाटलीकडे वळण्यापूर्वी मी तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवले. त्यांनी सीरम बंद करायला सांगितले, साधे मॉइश्चरायझर आणि रोज सनस्क्रीन लावायला सांगितले, आणि डाग खाजवू किंवा घासू नये असे बजावले. आपल्याकडच्या सावळ्या किंवा गव्हाळ त्वचेत रंगपेशी तत्पर असतात. जळजळ, पुरळ, चिमटा, काहीही झाले तरी त्या जागी जास्त मेलॅनिन तयार होते आणि जळजळ ओसरली तरी डाग मागे राहतो. डाग घालवण्यासाठी लावलेल्या वस्तूने जळजळ केली, तर ती वस्तू नवे डाग तयार करते. "चरचर म्हणजे गुण" हा समज आपल्या त्वचेसाठी म्हणूनच विशेष घातक आहे, आणि तो पसरवणाऱ्यांना याची कल्पना नसावी याचे मला मनापासून वाईट वाटते. तिच्या गालावरचा डाग फिका व्हायला जवळजवळ चार महिने लागले.

सामूचा प्रश्न

चरचर का झाली हे समजणे सोपे होते. ॲस्कॉर्बिक ॲसिड हे आम्ल आहे आणि त्याचा पीकेए, म्हणजे आम्ल किती तीव्र हे सांगणारा आकडा, सुमारे ४.२ आहे. तिच्या चमच्यात वजनाने पाच नव्हे, तर ४.१ ग्रॅम भुकटी मावत होती, हे आम्ही नंतर सोनाराच्या काट्यासारख्या छोट्या डिजिटल काट्यावर पाहिले. म्हणजे द्रावण १५ ऐवजी सुमारे १२ टक्के होते. तेवढ्या ॲस्कॉर्बिक ॲसिडचा पाण्यातला सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप; आकडा जितका कमी, तितके द्रावण जास्त आम्लधर्मी) हिशेबाने २.२ च्या आसपास येतो, जो जवळपास लिंबाच्या रसाएवढाच आहे. निरोगी त्वचेच्या पृष्ठभागाचा सामू साधारण ४.५ ते ५.५ असतो. सामूची मोजपट्टी दहापटीची असल्यामुळे, म्हणजे एका आकड्याच्या फरकाने आम्लता दहापट बदलत असल्यामुळे, हे अंतर वाटते त्याहून फार मोठे आहे.

मात्र त्यावर सोडा हा उपाय करताना किती सोडा, हा प्रश्न निर्णायक ठरतो. तिचा अर्धा चमचा सोडा २.२ ग्रॅम भरला. एवढ्या सोड्याने बाटलीतल्या ॲस्कॉर्बिक ॲसिडपैकी सुमारे तीन चतुर्थांश भागाचे सोडियम ॲस्कॉर्बेट झाले असणार, आणि त्या हिशेबाने सामू ४.६ ते ४.७ च्या दरम्यान यायला हवा. माझ्या मीटरवर तो ४.६ आला. तिला हवे ते झाले होते: द्रावण त्वचेला सौम्य वाटू लागले. पण नेमके त्याच क्षणी ते निरुपयोगीही होऊ लागले.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातील शेल्डन पिनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये डुकराच्या त्वचेवर केलेले प्रयोग या विषयात आजही आधारभूत मानले जातात. त्यांना असे आढळले की एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड त्वचेत शिरण्यासाठी द्रावणाचा सामू ३.५ पेक्षा कमी असावा लागतो, आणि २० टक्क्यांच्या पुढे प्रमाण वाढवून शोषण वाढत नाही. कारण असे की त्वचेचा वरचा थर विद्युतभार असलेल्या कणांना सहजासहजी आत घेत नाही. सामू जितका वर, तितके ॲस्कॉर्बिक ॲसिड आयनरूपात जाते आणि बाहेरच राहते. याचा व्यावहारिक अर्थ एक अरुंद पट्टा असा होतो: ३ च्या खाली चरचर वाढते, ३.५ च्या वर शोषण घटते. ३.० ते ३.४ या पट्ट्यात राहायचे असेल, तर चमचा हे साधन चालत नाही.

तपकिरी रंग कुठून आला

आता तिच्या मूळ प्रश्नाकडे येते. ॲस्कॉर्बिक ॲसिड हवेतल्या ऑक्सिजनने आधी डिहायड्रोॲस्कॉर्बिक ॲसिडमध्ये बदलते. इथपर्यंतचा बदल उलटवता येतो. पुढे त्याचे वलय पाण्याने उघडते, डायकिटोग्युलोनिक ॲसिड तयार होते, आणि तिथून परत फिरता येत नाही. त्यापुढच्या विघटनातून पिवळी, मग तपकिरी संयुगे आणि इतर तुकडे तयार होतात. त्यांपैकी एक एरिथ्रुलोज. त्वचेला कृत्रिम सावळेपणा देणाऱ्या क्रीममध्ये हाच पदार्थ वापरतात, कारण तो त्वचेतल्या प्रथिनांशी संयोग पावून तपकिरी रंग देतो. भाचीच्या नखांच्या कडा आणि बोटांची टोके नारिंगी का झाली, याचे स्पष्टीकरण इथे मिळते.

हा बदल हवेने होतोच, पण एरवी तो सावकाश होतो. त्याला वेग देणारे दोन घटक बाटलीत एकाच वेळी आले होते. पहिला तांबे. तांब्याचे आयन हे ॲस्कॉर्बिक ॲसिडच्या ऑक्सिडीकरणाचे अतिशय प्रभावी उत्प्रेरक आहेत. लोहाचे आयनही तेच काम करतात, पण तांब्याच्या तुलनेत कमी जोराने. रात्रभर तांब्याच्या हंड्यात ठेवलेल्या पाण्यात तांबे अल्प प्रमाणात उतरते, आणि पिण्यासाठी त्याला कोणी दोष देणार नाही. पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण तांबे तसेच राहते. उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण किंचित वाढतेच. शिवाय कोकणात विहिरी जांभ्यात खणलेल्या असतात आणि जांभा हा लोहाने भरलेला दगड आहे. म्हणजे आमच्या घरातल्या पाण्यात दोन्ही धातूंची शक्यता होती.

दुसरा घटक सोडा. ॲस्कॉर्बेट आयन हा मूळ आम्लापेक्षा लवकर ऑक्सिडीकृत होतो. सामू २.२ असताना जवळजवळ सगळे ॲस्कॉर्बिक ॲसिड आम्लरूपात, म्हणजे तुलनेने सुरक्षित, होते. सामू ४.६ ला तीन चतुर्थांश भाग आयनरूपात गेला. चरचर थांबली त्याच दिवशी बाटलीचे आयुष्यही आखूड झाले.

केवळ तर्कावर विसंबू नये म्हणून आम्ही १० टक्के द्रावणाच्या चार कुप्या एकाच फळीवर ठेवल्या. पहिलीत औषधाच्या दुकानात मिळणारे इंजेक्शनचे निर्जंतुक पाणी होते. दुसरीत हंड्यातले पाणी, तिसरीत हंड्यातले पाणी आणि ०.१ टक्का डायसोडियम ईडीटीए, आणि चौथीत हंड्यातले पाणी व सोडा. चौथी तिसऱ्या दिवशीच पिवळी पडली. दुसरी सहाव्या दिवशी पिवळी दिसली. पहिली आणि तिसरी पांढऱ्या कागदावर धरल्या तर दोन आठवड्यांनीही जवळपास सारख्याच, पाण्यासारख्या दिसत होत्या. ईडीटीए धातूच्या आयनांना सर्व बाजूंनी धरून ठेवते आणि त्यांना उत्प्रेरकाचे काम करू देत नाही. भाचीने त्या चार कुप्या बराच वेळ हातात फिरवून पाहिल्या. तिसरी कुपी पाहून तिला जे पटले, ते माझ्या दोन तासांच्या स्पष्टीकरणाने पटले नसते.

येथे एक गोष्ट नोंदवायला हवी. मी जुन्या बाटलीतील द्रावणाचे आयोडीन आणि स्टार्च वापरून अनुमापन केले, म्हणजे त्यातले प्रमाण मोजले, तेव्हा व्हिटॅमिन सी सुमारे ११ टक्के भरले. म्हणजे इतका गडद रंग येऊनही बहुतेक पदार्थ शिल्लक होता. तपकिरी संयुगे अल्प प्रमाणातही डोळ्यांना गडद दिसतात, त्यामुळे रंग हे शिल्लक साठ्याचे माप नव्हे. पण त्या ११ चाही फार उपयोग नव्हता, कारण पहिल्या दिवशी नेमके किती होते याची नोंदच नव्हती. चमच्याच्या वजनावरून काढलेले १२ हा अंदाज होता.

बेंझोएट

या प्रकरणातील सर्वांत गंभीर बाब मला सर्वांत शेवटी लक्षात आली, आणि ती आधी लक्षात यायला हवी होती. कोकम, जांभूळ अशा रंगीत सरबतांना सोडियम बेंझोएट घालण्याची रीत योग्य आहे, कारण पोटॅशियम मेटाबायसल्फाइट हे टिकवणीचे दुसरे रसायन त्यांचा रंग उडवते. बेंझोएट आम्लधर्मी द्रावणात काम करते, आणि सीरमही आम्लधर्मी, म्हणून भाचीची निवड तिच्या अनुभवाशी सुसंगतच होती. परंतु बेंझोएट, ॲस्कॉर्बिक ॲसिड आणि तांबे किंवा लोह हे तिन्ही एकत्र आले, की ऑक्सिजनच्या साहाय्याने अतिशय आक्रमक हायड्रॉक्सिल कण तयार होतात आणि ते बेंझोइक ॲसिडमधून कार्बन डायऑक्साइड काढून टाकतात. मागे उरते ते बेंझीन. शीतपेयांच्या उद्योगाला ही अभिक्रिया १९९० च्या सुमारास लक्षात आली होती. बेंझीन माणसात कर्करोग घडवते हे निश्चित झालेले आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला केवळ १० मायक्रोग्रॅम ठेवली आहे. अशा बाटलीत ते तयार झाले तर अत्यल्पच होणार. तरीही तिन्ही अटी पूर्ण करणारे मिश्रण चेहऱ्यावर रोज लावण्याचे काही कारण नाही. बाटली त्याच दिवशी रिकामी केली.

व्हिटॅमिन ईबद्दल थोडक्यात: कॅप्सूलमध्ये सहसा टोकोफेरिल ॲसिटेट असते, ज्याचा सक्रिय भाग ॲसिटेटने झाकलेला असतो. बाटलीत ते द्रावणाचे रक्षण करत नाही, आणि विद्रावकाशिवाय पाण्यावर तरंगत राहते.

दुसरी कृती

मे महिन्यात, डाग अजून असतानाच, आम्ही नवी कृती बसवायला घेतली. गालावर ती लगेच लावायची नाही, हे आधीच ठरले होते. माझी पहिली इच्छा पिनेल यांच्याच गटाने २००५ मध्ये मांडलेला संयोग करण्याची होती: १५ टक्के व्हिटॅमिन सी, १ टक्का अल्फा-टोकोफेरॉल (व्हिटॅमिन ई) आणि ०.५ टक्का फेरुलिक ॲसिड. त्यात फेरुलिक ॲसिडने द्रावण अधिक टिकाऊ झाले आणि सूर्यप्रकाशापासून त्वचेला मिळणारे संरक्षण सुमारे दुप्पट झाले. फेरुलिक ॲसिड पहिल्यांदा वेगळे केले गेले ते १८६६ मध्ये, हिंगातून. हिंगाच्या झाडाच्या फेरुला या नावावरूनच त्याला नाव मिळाले. आपल्या डब्यातल्या हिंगाशी त्याचे हे नाते मला फार आवडले होते, आणि कदाचित म्हणूनच मी त्यावर गरजेपेक्षा जास्त वेळ घालवला. ते पाण्यात जेमतेम विरघळते. प्रॉपिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवून घातले तेव्हा द्रावण स्वच्छ दिसले, पण फ्रिजमध्ये रात्रभरात बाटलीच्या तळाशी बारीक सुयांसारखे स्फटिक जमा झाले. कारखान्यात यासाठी वेगळी विद्रावके आणि पायसीकारक, म्हणजे तेल व पाणी एकजीव करणारे पदार्थ, वापरतात. घरात तेवढे सगळे आणून, मोजून, एकजीव करणे शक्य नाही असे माझे स्पष्ट मत झाले, आणि मी व्हिटॅमिन ई व फेरुलिक ॲसिड दोन्ही वगळले. टिकाऊपणा रसायनाने मिळत नसेल, तर बाटली लहान करून आणि ती लवकर संपवून मिळवायचा, असे ठरवले.

वीस ग्रॅमसाठी ठरलेले प्रमाण असे होते. ईडीटीएचे १ टक्का द्रावण २ ग्रॅम, कारण ०.०२ ग्रॅम भुकटी आमच्या काट्यावर विश्वासाने मोजता येत नाही. ग्लिसरीन १ ग्रॅम. प्रॉपिलीन ग्लायकॉल २ ग्रॅम, आणि त्यात आधी मिसळून घेतलेले, टिकवणीसाठीचे फिनॉक्सिइथेनॉल ०.१६ ग्रॅम, म्हणजे ०.८ टक्के, १ टक्का ही त्याची युरोपातील कमाल मर्यादा आहे आणि थेंबाच्या चुकीने ती ओलांडू नये म्हणून थोडे खालीच राहणे बरे. एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड २ ग्रॅम, म्हणजे १० टक्के. भाचीच्या त्वचेचा अनुभव पाहता १५ चा हट्ट मी धरला नाही. इंजेक्शनचे पाणी सुमारे ११ ग्रॅम. सोडा मात्र कोरडा न घालता त्याचे ५ टक्के द्रावण करून थेंबाथेंबाने घातले आणि प्रत्येक वेळी सामू पाहिला. हिशेबाने ३.२ साठी सुमारे १.८ ग्रॅम द्रावण लागणार होते, आणि जवळपास तेवढेच लागले. त्यात प्रत्यक्ष सोडा जेमतेम ०.०९ ग्रॅम होता. पहिल्या बाटलीत पडलेल्या अर्ध्या चमच्याशी हा आकडा ताडून पाहिल्यावर भाची बराच वेळ गप्प बसली.

मीटर त्या सकाळी ४ आणि ७ सामूच्या प्रमाणित द्रावणांत तपासून घेतला होता. कागदी पट्ट्यांवर ३.० आणि ३.५ यांतला फरक नीट वाचता येत नाही, त्यामुळे ज्यांच्याकडे मीटर नाही त्यांनी हे द्रावण करू नये असेच मी सांगेन. बुडबुडे थांबेपर्यंत अर्धा तास झाकण सैल ठेवले, आणि मग दहा-दहा मिलिलिटरच्या दोन तपकिरी काचेच्या कुप्या गळ्यापर्यंत भरल्या, म्हणजे वर हवा कमी राहील. एक वापरायची, दुसरी बंद, दोन्ही फ्रिजमध्ये. फिनॉक्सिइथेनॉल बुरशीविरुद्ध तितकेसे जोरकस नाही. कमी सामू जिवाणूंना रोखतो, पण बुरशीला पुरता रोखत नाही, म्हणून कुपीवर केल्याची तारीख आणि एकवीस दिवसांनंतर फेकण्याची तारीख लिहिली. दिसायला कितीही स्वच्छ असले तरी त्या तारखेनंतर ते लावायचे नाही, हे आम्ही आधीच ठरवले.

डाग पुरता फिका झाल्यावर, पावसाळ्यात, तिने तीन रात्री कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून पाहिला. मग जबड्याच्या कडेला, आणि नंतर एक दिवसाआड चेहऱ्यावर, वर मॉइश्चरायझर आणि सकाळी सनस्क्रीन. थोडी चुणचुण दोन मिनिटे राहते आणि जाते. लाली आली नाही.

विक्रीचा विचार

तिच्या मनात हे सीरम सरबताच्या बाटल्यांबरोबर विकण्याचा विचार होता, आणि नावाची चिकटपत्रेही छापून झाली होती. भारतात विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधन तयार करायचे असेल, तर १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार राज्याच्या अधिकाऱ्यांकडून उत्पादन परवाना घ्यावा लागतो. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. त्यासाठी स्वतंत्र जागा, यंत्रे, पात्रताधारक तांत्रिक व्यक्ती आणि चाचण्यांची व्यवस्था लागते. सरबताच्या परवान्यावर सीरम विकता येत नाही. पण कायद्याआधी मला वेगळीच गोष्ट सांगायची होती: बहिणीला किंवा शेजारणीला भेट म्हणून कुपी दिली, तरी ती कोणत्या फळीवर राहील, किती दिवस उघडी राहील आणि कोणाच्या त्वचेवर जाईल, यांपैकी काहीच आपल्या हाती राहत नाही. तिने चिकटपत्रे माझ्यासमोर फाडली नाहीत, पण ती पुन्हा कधी दिसलीही नाहीत.

पावसाळ्यातल्या त्या खेपेच्या पहिल्या दिवशीच मी एक मिलिलिटर द्रावणाचे अनुमापन केले: ९.८ टक्के. एकविसाव्या दिवशी वापरातली कुपी फेकण्यापूर्वी तिच्यातले पुन्हा मोजले, तेव्हा ९.१ भरले, सामू ३.२ च होता, आणि रंग फिकट गवतासारखा आला होता. बंद ठेवलेली दुसरी कुपी त्याच दिवशी उघडली, तिच्यात ९.६ टक्के होते आणि ती अजून पाण्यासारखी दिसत होती. भाचीने दोन्ही आकडे आपल्या कोकमाच्या वहीत, तारीख घालून, स्वतःच्या हाताने लिहून घेतले.